स्टिअरिंग रॅक बदलल्यानंतर चक्राचे मध्यस्थापन : तत्त्व आणि पद्धती

नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी वसलेल्या सारंगखेडा या गावी मार्गशीर्षात दत्तजयंतीपासून घोड्यांची मोठी यात्रा भरते. तेथे घोडा विकत घेणारा जाणकार केवळ त्याच्या रूपावर भाळत नाही. तो घोडा चालवून पाहतो, मागून पाहतो, पुढून पाहतो आणि खुरे एका सरळ ओळीत पडतात की नाही याची खात्री करून घेतो. उभ्या घोड्याचे तोंड समोर असणे आणि चालत्या घोड्याची चाल सरळ असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

मोटारीच्या बाबतीत नेमका हाच भेद पुष्कळदा विसरला जातो. स्टिअरिंग रॅक झिजला किंवा त्यातून तेल गळू लागले म्हणजे तो बदलावा लागतो. नवा रॅक बसवून मोटार रस्त्यावर आणली की, वाहन सरळ चालले असताना चालकाच्या हातातील चक्र एका बाजूस कललेले आहे असे वारंवार आढळते. यावर सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे चक्र काढावयाचे व एक-दोन दाते फिरवून पुन्हा सरळ बसवावयाचे. या उपायाने डोळ्यांचे समाधान होते. परंतु यंत्राचा दोष पुष्कळ वेळा तसाच राहतो, आणि तो आता दिसेनासा झाल्यामुळे अधिक धोक्याचा ठरतो. असे का होते आणि मध्यस्थापनाचा योग्य क्रम कोणता, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. गोंधळ टाळण्यासाठी पुढे चालकाच्या हातातील वर्तुळास ‘चक्र’ व रस्त्यावर फिरणाऱ्या वर्तुळास ‘चाक’ असे म्हटले आहे.

दिशा देण्याच्या दोन रीती

बैलगाडीत चक्र नसते आणि त्यामुळे चक्राच्या मध्याचा प्रश्नही नसतो. बैल ज्या दिशेने चालतात त्या दिशेने जू व दांडी वळते आणि आखावर बसविलेली दोन्ही चाके मागून ओढली जातात. दिशा गाडीच्या पुढे ठरते. गाडी तिचे केवळ अनुसरण करते. चार चाकी बग्गीत पुढचा संपूर्ण आख एका मध्यवर्ती खिळीभोवती वळतो. पण तेथेही वळविणारी शक्ती पुढे जुंपलेल्या घोड्याचीच असते.

पुढचा आख अखंड ठेवून प्रत्येक चाक स्वतंत्र खिळीवर वळविण्याची कल्पना घोडागाडीच्याच काळात पुढे आली. बव्हेरियातील गाडीकार गेओर्ग लांकेनस्पेर्गर यांनी १८१७ मध्ये ही रचना केली व त्यांचे प्रतिनिधी रूडोल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये इंग्लंडात तिचे पेटंट घेतले. या रचनेला आकरमान यांचेच नाव चिकटले. तिचे तत्त्व असे की, वळणावर चारही चाकांच्या आसरेषा एकाच बिंदूत मिळावयास हव्या असतील तर आतील चाक बाहेरील चाकापेक्षा अधिक वळले पाहिजे. बाहेरील व आतील कोनांच्या कोस्पर्शज्यांमधील अंतर हे दोन खिळींमधील अंतर भागिले पुढील-मागील आसांमधील अंतर याइतके असावे लागते. खिळींमधील अंतर १.२ मीटर आणि आसांमधील अंतर २.४ मीटर असेल तर हे गुणोत्तर ०.५ येते, आतील चाक ३० अंश वळले असता बाहेरील चाक सुमारे २४ अंशच वळले पाहिजे.

मोटारीत हे साधण्याचे काम रॅक आणि पिनियन करतात. रॅक म्हणजे आडवा दातेरी दांडा आणि पिनियन म्हणजे त्याच्या दात्यांत अडकलेले लहान दंतचक्र. चक्र फिरविले की मधल्या दांड्यावाटे पिनियन फिरते, रॅक डावीकडे किंवा उजवीकडे सरकतो आणि त्याच्या दोन टोकांना जोडलेले टाय रॉड दोन्ही चाके वळवितात. भारतात १९५० च्या दशकाच्या अखेरीस उत्पादन सुरू झालेल्या अँबॅसडरमध्ये ही योजना होती. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० नंतर लहान मोटारींत ती सार्वत्रिक झाली. आकरमानची अट टाय रॉड आणि चाकाकडील भुजा यांच्या रचनेने साधली जाते. ही सर्व रचना रॅक मध्यावर आहे असे गृहीत धरून आखलेली असते, आणि प्रस्तुत विषयाचे मर्म येथेच आहे.

तीन मध्य

‘स्टिअरिंग सरळ आहे’ या एका वाक्यात वस्तुतः तीन वेगळी विधाने दडलेली असतात. पहिला मध्य रॅकचा : डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंतच्या सरकीचा मध्यबिंदू. दुसरा मध्य चाकांचा : वाहन ज्या रेषेत पुढे जाते त्या रेषेशी दोन्ही पुढच्या चाकांनी समान कोन करणे. तिसरा मध्य चक्राचा : चक्राचे आरे चालकासमोर समपातळीत असणे. मध्यस्थापन म्हणजे हे तीनही मध्य एकाच क्षणी जुळविणे होय. चक्र काढून पुन्हा बसविल्याने तिसऱ्या मध्याची दुसऱ्याशी जुळणी होते. पहिला मात्र जेथे असेल तेथेच राहतो.

वळण संपल्यावर चक्र आपोआप परत येते, यावरून मध्य आपोआप सापडतो असाही समज आढळतो. चाकाची वळण्याची अक्षरेषा माथ्याकडे किंचित मागे झुकलेली असते. त्यामुळे जमिनीशी होणारा स्पर्श त्या रेषेच्या मागे पडतो आणि चाक ओढल्या जाणाऱ्या गाडीप्रमाणे मार्गाच्या दिशेस येऊ पाहते. हे पुनरागमन दोन्ही बाजूंचे बल समतोल होते त्या स्थितीकडे होते. त्या स्थितीत चक्राचे आरे कोठे आहेत किंवा रॅक कोठे उभा आहे, याच्याशी त्या बलांना काहीच कर्तव्य नसते.

बेरीज आणि वजाबाकी

दोन टाय रॉडांच्या लांबीचे कार्य समजून घेतले म्हणजे पुष्कळसा गोंधळ दूर होतो. दोन्ही रॉड सारखेच लांब किंवा आखूड केले तर दोन्ही चाकांची पुढची टोके परस्परांच्या जवळ येतात किंवा दूर जातात. यालाच टो-इन व टो-आउट म्हणतात. एक रॉड जितका लांब केला तितकाच दुसरा आखूड केला तर दोन्ही चाके एकाच दिशेस वळतात, परंतु त्यांच्यामधील परस्पर कोन तोच राहतो. म्हणजे टो हा दोन लांबींच्या बेरजेवर अवलंबून आहे आणि चक्राची स्थिती त्यांच्या वजाबाकीवर. बेरीज बरोबर असूनही वजाबाकी चुकलेली असू शकते. म्हणूनच टायर सारखे झिजत असतानाही चक्र वाकडे असणे शक्य आहे.

एक उदाहरण घेऊ. पिनियनच्या एका फेऱ्यात रॅक ४५ मिलिमीटर सरकतो, चाकाकडील भुजा १३० मिलिमीटर लांब आहे आणि टाय रॉडच्या आट्यांचे अंतर १.५ मिलिमीटर आहे असे समजा. वाहन सरळ जात असताना चक्र उजवीकडे १२ अंश कललेले आहे. पूर्ण फेऱ्यास, म्हणजे ३६० अंशांस, ४५ मिलिमीटर तर १२ अंशांस १.५ मिलिमीटर. तेव्हा चक्र सरळ करण्यासाठी एक टाय रॉड बरोबर एक फेरा लांब व दुसरा एक फेरा आखूड करावा लागेल. चाकाशी हा कोन १.५ भागिले १३०, म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश अंशाचा आहे. चक्रावर ठळक दिसणारा दोष चाकाशी किती सूक्ष्म असतो, हे यावरून ध्यानात येईल.

कोणता रॉड लांब करावयाचा हे रॅकच्या जागेवर अवलंबून आहे. रॅक आखाच्या मागे असेल तर रॉड लांब केल्याने त्या चाकाचे पुढचे टोक आत वळते. वरील उदाहरणात चक्र सरळ धरले असता चाके डावीकडे पाहत असतात. ती उजवीकडे वळविण्यासाठी डावा रॉड लांब व उजवा आखूड करावा लागेल. रॅक आखाच्या पुढे असेल तर नेमके याच्या उलट.

केवळ चक्र फिरविल्याने काय बिघडते

समजा, रॅकची संपूर्ण सरक ३.२ फेऱ्यांची, म्हणजे १४४ मिलिमीटर आहे. वाहन सरळ चालत असलेल्या स्थितीपासून डावीकडे १.८ फेरे आणि उजवीकडे १.४ फेरे मिळतात असे मोजणीत आढळले. दोन्हीकडे १.६ मिळावयास हवे होते. म्हणजे रॅक मध्यापासून ०.२ फेरा, अर्थात ९ मिलिमीटर ढळलेला आहे. एक टाय रॉड सहा आटे अधिक आणि दुसरा सहा आटे कमी बसविला गेला आहे. चक्रावर हा दोष ७२ अंशांचा दिसतो. चक्र काढून दात्यांवर सरळ बसविले तर हे ७२ अंश नाहीसे होतात. ९ मिलिमीटर मात्र राहतात.

त्यांचे परिणाम तीन प्रकारचे आहेत. पहिला : एका बाजूस ८१ व दुसऱ्या बाजूस ६३ मिलिमीटर सरक उरल्याने दोन्हीकडील वळणाचे वर्तुळ असमान होते. दुसरा : मध्यातून आखलेली आकरमानची रचना विषम होते आणि वळणावर टायर घासतात. तिसरा परिणाम सर्वांत महत्त्वाचा आहे. चाक खड्ड्यात खाली गेले किंवा उंचवट्यावर चढले म्हणजे टाय रॉडचे टोक एका कंसावर फिरते व खालच्या भुजेचे टोक दुसऱ्या कंसावर. हे दोन कंस जुळते राहावेत अशा बेताने रॅकची टोके योजलेली असतात. रॅक बाजूस ढळला की कंस जुळत नाहीत आणि चक्र स्थिर धरलेले असतानाही चाक स्वतःच किंचित वळते, तेही दोन बाजूंस असमान प्रमाणात. तापीच्या खोऱ्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरील रस्त्यांस उंचसखलपणा येणे स्वाभाविक आहे. शहादा व दोंडाईचा यांस जोडणाऱ्या सारंगखेड्याच्या मार्गासारख्या ठिकाणी, समोरून उसाने भरलेला ट्रॅक्टर येत असता, खड्ड्यागणिक आपणहून दिशा बदलणारे वाहन ही केवळ गैरसोय राहत नाही.

कायद्याच्या कसोटीवर हा दोष सापडत नाही, हेही लक्षात ठेविले पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ९८ प्रमाणे स्टिअरिंगच्या चक्रावरील मोकळी हालचाल ३० अंशांहून अधिक असता कामा नये. हा नियम ढिलाईविषयी आहे, मध्याविषयी नाही. नव्या रॅकमध्ये ढिलाई जवळजवळ नसते, म्हणून मध्य ढळलेले वाहनही या कसोटीस उतरते.

एअरबॅगमुळे वाढलेली जबाबदारी

१ जुलै २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग अनिवार्य झाली आहे. ती चक्रातच असते. फिरत्या चक्रापर्यंत वीज नेण्यासाठी चक्राच्या मागे पट्टीसारख्या तारेची एक गुंडाळी असते. गॅरेजमध्ये तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. तिला ठराविकच फेरे असतात. ती मध्यापासून दोन्हीकडे २.५ फेरे फिरू शकते असे धरले, तर १.६ फेरे मागणाऱ्या रॅकला ०.९ फेऱ्याची सवड उरते. रॅक काढलेला असताना चक्र मोकळे सुटून एक पूर्ण फेरा फिरले, तर आरे पुन्हा समपातळीतच दिसतात. काहीही बिघडले आहे अशी शंका येत नाही. परंतु आता एका बाजूच्या टोकापर्यंत वळविताना गुंडाळीस २.६ फेरे फिरावे लागते आणि ती तुटते. अपघाताच्या क्षणी चालकाची एअरबॅग उघडण्याची शाश्वती त्याबरोबर जाते.

विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग किंवा घसरण रोखणारी व्यवस्था असलेल्या वाहनांत चक्राचा कोन मोजणारा संवेदकही असतो. चालकास कोणीकडे जावयाचे आहे हे यंत्रणा त्यावरूनच ओळखते. सरळ मार्गावर त्यास १२ अंशांचे वळण दिसत राहिले तर यंत्रणेचा हस्तक्षेप चुकीच्या वेळी होऊ शकतो. म्हणून यांत्रिक जुळणी पूर्ण झाल्यावर संवेदकाचा शून्यबिंदू निर्मात्याने सांगितलेल्या रीतीने पुन्हा नोंदवावा लागतो. तो आधी नोंदविणे म्हणजे चुकीलाच प्रमाण मानणे होय.

कामाचा क्रम

जुना रॅक काढण्यापूर्वी चाके सरळ करावीत, निर्मात्याच्या सूचनेनुसार बॅटरी सोडवावी आणि चक्र हलणार नाही असे बांधून ठेवावे. मधला दांडा व पिनियन यांच्या सांध्यावर खूण करावी. त्या दांड्यावरील दोन सांध्यांचे परस्पर स्थान बदलू देऊ नये. ते बदलल्यास चक्र फिरविताना एकाच फेऱ्यात कधी जड, कधी हलके लागते. दोन्ही टाय रॉडांची लांबी मोजून लिहून ठेवावी. आट्यांची नुसती मोजणी पुरेशी नाही, कारण नव्या रॉडची लांबी निराळी असू शकते.

नव्या रॅकचा मध्य तो वाहनात बसविण्यापूर्वीच शोधावा. पिनियन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजावेत, निम्मे फेरे परत यावे आणि रॅकची दोन्ही टोके घरापासून सारखी बाहेर आहेत का हे मोजपट्टीने ताडून पाहावे. रबरी आवरणाच्या लांबीवरून मध्य ठरवू नये. ते ताणले किंवा दबलेले असू शकते. या स्थितीत रॅक बसवून पिनियन व मधला दांडा जोडावा. पिनियनवर ३६ दाते असतील तर प्रत्येक दाता १० अंशांचा असतो. म्हणजे अगदी जवळचा दाता निवडूनही ५ अंशांपर्यंत चूक उरू शकते. ही उरलेली चूक टाय रॉडांनी काढावयाची असते. पाच अंशांसाठी रॅकची सरक ०.६ मिलिमीटरहून थोडी अधिक होते. तेवढ्याने रचनेस बाध येत नाही.

यानंतर अलाइनमेंट. तिचा आरंभ मागच्या चाकांपासून झाला पाहिजे. मागचा आख किंचित तिरपा असेल तर वाहन त्या तिरप्या रेषेतच ढकलले जाते आणि पुढच्या चाकांना तिच्याशी जुळवून घ्यावे लागते; पुढची चाके वाहनाच्या मध्यरेषेशी कितीही काटेकोर लावली तरी चक्र वाकडेच राहते. मागील चाकांची दिशा ठरल्यावर चक्र सरळ धरून अडकवावे आणि प्रत्येक पुढच्या चाकाचा टो स्वतंत्रपणे लावावा. टाय रॉड फिरविताना रबरी आवरण पिळले जाऊ नये आणि शेवटी अडकनट घट्ट करताना रॉडचे टोक धरून ठेवावे. अन्यथा त्याच क्षणी माप बदलते.

रस्त्यावरील पडताळा

शेवटचा निर्णय रस्त्यावरच होतो. पण रस्ताही निर्दोष साक्षीदार नसतो. पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे साधारणतः शेकडा २ ते २.५ उतार दिलेला असतो. आपल्याकडे वाहने डावीकडून चालत असल्याने सर्वथा निर्दोष मोटारही हळूहळू डावीकडे झुकू पाहते आणि चालक नकळत चक्र किंचित उजवीकडे धरतो. हा कल स्टिअरिंगचा दोष समजून काढू पाहणे म्हणजे बरोबर असलेली जुळणी बिघडविणे होय.

याला एक साधा उपाय आहे. वर्दळ नसलेल्या मोकळ्या जागेतील एकाच पट्ट्यावरून वाहन एकदा एका दिशेने व एकदा उलट दिशेने, सारख्याच वेगाने न्यावे. टायरांतील हवा आधी सारखी करून घ्यावी. दोन्ही वेळा चक्राचा कल टिपावा. उताराचा परिणाम उलट दिशेत उलटा होतो. यंत्राचा दोष मात्र तसाच राहतो. एका फेरीत उजवीकडे ९ अंश आणि दुसऱ्या फेरीत उजवीकडे ३ अंश असा कल आढळला तर त्यांची सरासरी ६ अंश हा यंत्राचा दोष आणि उरलेले ३ अंश उताराचे. वरील मापांच्या वाहनात ६ अंशांसाठी प्रत्येक टाय रॉड अर्धा फेरा, परस्परविरुद्ध दिशेने, फिरवावा लागेल. ज्या गावी चारही चाकांचे माप घेणारे यंत्र जवळ नाही तेथेही ही परीक्षा करता येते. तिने टो मोजता येत नाही, ही तिची मर्यादा ध्यानात ठेवून यंत्रावरील जुळणी पुढे लवकरात लवकर करून घ्यावी.

चक्र दात्यांवरून काढून पुन्हा बसविणे सर्वस्वी निषिद्ध आहे असे मात्र नव्हे. रॅक मध्यावर आहे, दोन्हीकडील फेरे समान आहेत, टाय रॉड दोन्ही बाजूंस बरोबर आहेत आणि तरीही चक्र एक-दोन दात्यांनी वाकडे आहे, असे मोजून सिद्ध झाले तर दोष चक्राच्या बसविण्यातच आहे आणि तेथेच तो दुरुस्त केला पाहिजे. क्लॉक स्प्रिंगचा मध्य अर्थातच त्याही वेळी राखावा लागतो.

तात्पर्य, चक्राचे सरळ दिसणे हे मध्यस्थापनाचे फळ आहे, साधन नव्हे. प्रथम रॅक, मग मागील चाके, मग पुढील चाके, मग चक्र आणि सर्वांत शेवटी संवेदक असा हा क्रम आहे. प्रत्येक पायरीवर मोजलेली संख्या पुढच्या पायरीचा आधार होते. वाहन दुरुस्त करून घेणाऱ्यास यांतील पहिला प्रश्न स्वतःलाच विचारता येतो : सरळ स्थितीपासून डावीकडे किती फेरे आणि उजवीकडे किती? ते समान नसतील तर समोरचे आरे कितीही समपातळीत दिसोत, काम अपुरे आहे असे समजावे.